शुगर-बीपी घरी मोजताय? मग या चुका टाळा

तालुक्याच्या गावात मेडिकल चालवतो, त्यामुळे ग्लुकोमीटर विकतो पण मीच आणि तो चुकीचा वापरला की भांडायला पण माझ्याकडेच येतात. तेव्हा एकदाच लिहून टाकतो, पुढच्या वेळी कुणी आलं की हेच वाचायला देईन.

पहिली चूक, आणि ही माझी खास डोकेदुखी आहे. परदेशातल्या पोराने पाठवलेलं मशीन.

आमच्याकडचे एक रिटायर्ड गुरुजी, मुलगा मेलबर्नला. त्याने छान ब्लूटूथवालं मीटर पाठवलं, व्हिडिओ कॉलवर ॲप पण टाकून दिलं. एक दिवस दुपारी जेवण झाल्यावर गुरुजींना जरा गरगरलं म्हणून मोजलं तर आकडा आला १४.६. घरात एकच गोंधळ, साखर चौदावर आली! काकूंनी गूळ भरवला, वर ग्लुकोजचं पाणी पाजलं. परत मोजलं, १६.९. म्हणजे वाढतेय थोडी थोडी, म्हणून अजून एक ग्लास. शेवटी शेजारच्या पोराने गाडीवर बसवून माझ्याकडे आणलं तर काकू रडकुंडीला आलेल्या, "अहो किती पाजलं तरी एकोणीसच्या वर जाईना हो." दुकानातल्या मीटरवर मोजली तर ३३८. तसंच डॉक्टरांकडे पाठवलं.

झालं काय होतं, तर ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, कॅनडा इकडे साखर एमएमओएलमध्ये (मशीनवर mmol/L) मोजतात, आपल्याकडे एमजीमध्ये (mg/dL). त्यांच्या आकड्याला १८ ने गुणायचं की आपला आकडा येतो. १४.६ म्हणजे २६० च्या वर. म्हणजे साखर आधीच चढलेली, त्यावर गूळ. काही लोक याच्या उलट घोळ घालतात, उपाशीपोटी ८.४ दिसलं की त्यांना वाटतं ही तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी आहे, मागच्या वेळी नऊ होती, चला उतरली, आणि त्या आनंदात श्रीखंड.

बरं, तिकडच्या बऱ्याच मीटरचं युनिट बदलताच येत नाही, लॉक असतं. ॲपमध्ये बदललं तरी मशीनच्या स्क्रीनवर तेच दिसणार. आणि मुख्य म्हणजे त्या मॉडेलच्या स्ट्रिप्स (रक्ताचा थेंब लावायच्या पट्ट्या) आपल्या गावात मिळत नाहीत, सोबत आलेली डबी संपली की मशीन कपाटात. माझं साधं आहे, आधी तुमच्या मेडिकलवाल्याला विचारा कुठल्या स्ट्रिप्स बाराही महिने मिळतात आणि कितीला, मग त्याचं मीटर घ्या. मीटर एकदाच घ्यायचं असतं, स्ट्रिप्सचा खर्च मात्र कायमचा. पोराला म्हणावं तू स्ट्रिप्सचे पैसे पाठव.

दुसरी मोठी चूक म्हणजे एक मशीन, एक फोन आणि घरात पेशंट दोन.

नवराबायको दोघांना शुगर हे आता घरोघरी आहे. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत देशात १० कोटींच्या वर डायबिटीसचे पेशंट निघाले, मग एका घरात दोन असणारच. आमच्याकडच्या एका जोडप्याचं असंच, लेक पुण्याला, तिने आईबाबांसाठी ॲप टाकलं आणि स्वतःच्या फोनवर ॲव्हरेज बघायची, दीडशेच्या आसपास, एकदम मस्त. डॉक्टरांना पण तेवढंच दाखवलं. पण काकू सारख्या येऊन म्हणायच्या पहाटे घाम फुटतो, हातपाय थरथरतात. मी फोन घेतला आणि एकेक रीडिंग खाली सरकवत गेलो तर २३४, ७२, २२०, ६८, २४१, ७६... हे एका माणसाचं असेल का? मोठे आकडे काकांचे आणि छोटे काकूंचे. काकांची साखर कंट्रोलमध्ये नाही, काकूंना गोळी जास्त होतेय, आणि ॲप दोघांची बेरीज करून सांगतंय सगळं छान चाललंय. ७० च्या खाली साखर जाणं म्हणजे धोका, त्यात काकूंना ग्लिमेपिराइड चालू, ही गोळी जास्त झाली की साखर फार खाली नेते. तशी वेळ आली तर शुद्धीत असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी परत मोजा. डॉक्टरांनी काकूंची गोळी कमी केली आणि काकांची वाढवली.

त्यात भर म्हणजे मीटरचं घड्याळ. सेल बदलला की तारीख जाते, ती कोणी लावत नाही, मग जेवणानंतरचं रीडिंग ॲपमध्ये पहाटे तीनचं म्हणून पडतं. डॉक्टरांनी त्यावरून काय ठरवायचं?

माझा उपाय ॲपवाल्यांना मागासलेला वाटेल. दोघांना दोन वेगळ्या वह्या. तारीख, वेळ, खाण्याआधी का नंतर, आकडा, गोळी घेतली का. दर रविवारी पानाचा फोटो लेकीला व्हॉट्सॲपवर. ॲप वापरायचंच असेल तर दोन प्रोफाइल करा, आणि ते जमत नसेल तर सरळ काढून टाका.

आता बीपीचं मशीन. माणूस जिना चढून येतो, पट्टा शर्टाच्या बाहीवरूनच बांधतो, तोंडात तंबाखू, बायकोला हाका मारणं चालू आणि बटण दाबतो. १५८. मग लगेच परत, परत, अजून एकदा, आणि त्यातला सगळ्यात कमी आकडा वहीत. असं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं. पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेबलावर, त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू-मिश्री नाही, लघवीला जाऊन या. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही लिहा. घरी नेहमीच १३५/८५ च्या वर येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्या, छोट्या पट्ट्याने बीपी उगाच जास्त येतं. मनगटावरचं मशीन मी विकायला ठेवतच नाही.

बाकीचं पटापट सांगतो.

आंबा खाऊन बोट टोचू नका, हात साबणाने धुवा आणि कोरडे करा, नाहीतर मशीन आंब्याची साखर मोजतं. स्ट्रिप्सची डबी मे महिन्यात पत्र्याखाली नको आणि फ्रिजमध्येही नको, झाकण घट्ट. सकाळी १४२ आणि लगेच परत मोजलं तर १५३ आलं म्हणून मशीन परत करायला येऊ नका, चांगल्या मीटरमध्ये सुद्धा १५ टक्के इकडेतिकडे चालतं.

सुई न टोचता साखर सांगणारं घड्याळ घेऊ नका. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिकडच्या औषध खात्याने, फेब्रुवारी २०२४ मध्ये उघड सांगितलंय की अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांची मान्यता नाही. तरी लग्नाच्या सीझनला तीनजण तरी ते दाखवायला येतात. बोट टोचायचा कंटाळा, पथ्याचा कंटाळा, आणि आकडा मात्र पाहिजे.

चार दिवस रीडिंग चांगलं आलं म्हणून गोळी बंद करणारे तर विचारूच नका. अहो, गोळी चालू आहे म्हणून चांगलं आलंय.

रक्त कमी असेल किंवा सिकलसेल असेल (विदर्भ, नंदुरबारकडच्यांनी खास लक्ष द्या) तर एचबीए१सी फसवू शकते, डॉक्टरांना आधी सांगा.

आभा कार्ड म्हणजे फुकट उपचार नाही. तो चौदा अंकी नंबर फक्त तुमचे रिपोर्ट जोडायला आहे. पाच लाखांचं ते आयुष्मान कार्ड, वेगळं. हे मी रोज सांगतो.

सरकारी दवाखान्यात काही ठिकाणी बीपीच्या पेशंटला क्यूआर कोडवालं कार्ड देतात. २०१७ ला हायपरटेन्शन कंट्रोलचा जो कार्यक्रम सुरू झाला, ज्यात सुरुवातीच्या पाच राज्यांत आपलं राज्य होतं, त्यातलं ते. स्कॅन केलं की मागची बीपी आणि गोळ्या नर्सताईंना दिसतात. तेच कार्ड लोक घरी देव्हाऱ्यात ठेवून येतात.

आणि ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सेवेवर, डॉक्टरांशी बोलायचं असेल तर वही, गोळ्यांची पाकिटं आणि जुनी चिठ्ठी आधी समोर घेऊन बसा. चिठ्ठीचा फोटो मला पाठवताना पूर्ण कागद येऊ द्या, अर्ध्या फोटोवरून मी गोळी देत नाही.