पाळी लांबवायची गोळी, पाळणा लांबवायची गोळी: या चुका टाळा

श्रावण सरत आला की उपकेंद्राच्या दारात तोच प्रश्न येतो. "सिस्टर, माझी गौरीतच येणार हो, काय करू?" विचारायला येते तिचं मला कौतुक आहे. काळजी वाटते ती मेडिकलातून परस्पर पट्टी आणून गिळणारीची.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पाळी लांबवायची गोळी आणि पाळणा लांबवायची गोळी एकच समजणं. आमच्या वाडीतल्या एका नव्या सुनेचा पहिला ओवसा होता, म्हणजे गौरीला सुपं वाहायची होती; माहेरहून ती आलेली. ती माला-एन ही पाळणा लांबवायची गोळी घेत होती. जावेचं ऐकून तिने पाकीट अर्ध्यावर सोडलं आणि पाळी लांबवायच्या गोळीची, म्हणजे नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅमची पट्टी सुरू केली. ओवसा झाला, गोळ्या थांबल्या, तिसऱ्या दिवशी अंगावर गेलं. पाळी आली म्हणून ती निर्धास्त झाली. माला पुढच्या पाळीपासून घेऊ म्हणाली. दिवाळीला माझ्यासमोर बसली तेव्हा तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा होत्या. पिशवीतून तिने तेच पाकीट काढलं. आठ पांढऱ्या, सात तपकिरी, तशाच. "पण पाळी आली होती ना हो, सिस्टर?"

बायांनो, गोळी बंद केल्यावर जातं ते रक्त संप्रेरक थांबल्यामुळे जातं. पुढचे दिवस सुरक्षित आहेत, असा त्याचा अर्थ नाही. मालाच्या २८ गोळ्यांत २१ पांढऱ्या संप्रेरकांच्या, ७ तपकिरी लोहाच्या. पांढऱ्या थांबतात म्हणून तपकिरीच्या आठवड्यात पाळी येते. तिला वेगळी पट्टी लागतच नव्हती! पांढऱ्या संपवायच्या, तपकिरी बाजूला ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी नवं पाकीट उघडायचं.

माला न घेणारीने पाळी लांबवायची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, तीही तारखेच्या तीन दिवस आधीपासून. आदल्या रात्री धावपळ करून भागत नाही. पायात कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर ते आधी सांगा.

डाग दिसला की मालाचं पाकीट बंद करणं, ही दुसरी खोड. पहिले तीन महिने मधेच डाग पडतात, पाळीही कमी जाते. शरीराला सवय होईपर्यंत दम धरा. मी पाकीट साखरेच्या डब्याशेजारी ठेवायला सांगते. रात्रीची भांडी आवरली की गोळी.

एक विसरली तर आठवताच घ्या. दोन किंवा जास्त पांढऱ्या विसरल्या तर एक लगेच घेऊन पाकीट चालू ठेवा आणि सात दिवस निरोध वापरा.

नवरा मुंबईहून आला, की त्या चार दिवसांपुरती गोळी? उपयोग शून्य. रोज घ्यायला जमत नसेल तर छाया ही आठवड्याची गोळी विचारा: तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. तिने पाळी लांबते. पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर तपासणी करा.

बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पीत असेल, बीपी असेल, किंवा डोळ्यांपुढे चमकून अर्धं डोकं दुखत असेल, तर माला नको. आधी मला येऊन सांगा.