दुभत्या गायींसाठी चराईचे नियोजन: गोव्यातील पावसाळा आणि त्यानंतर

जूनमध्ये पावसाने जोर धरला की आठवड्याभरात सडा (जांभ्या दगडाचे पठार) हिरवा दिसू लागतो आणि गुरे लगेच मोकळी सोडली जातात. वर्षभराच्या चराईचे सर्वांत मोठे नुकसान येथेच होते. जांभ्यावरची माती उथळ असल्यामुळे कोवळे गवत मुळासकट उपटले जाते आणि जे उरते तेही वारंवार खुडल्याने खुरटते. म्हणून पहिले तीन आठवडे गायींना गोठ्यातच वैरण द्यावी. गवत वीतभर वाढले की चराई सुरू करावी आणि चार बोटे उरले की गायी बाहेर काढाव्यात.

चरलेल्या गवताला तीन-चार दिवसांत नवे पाते फुटते आणि गायीला नेमके तेच आवडते. यासाठी जमिनीचे तुकडे पाडून एका तुकड्यात तीन दिवसांपेक्षा अधिक चराई करू नये. तुकड्याचा आकार अंदाजाने ठरवू नये. गवत तयार झाल्यावर एक मीटर लांब व एक मीटर रुंद चौकोनातील गवत चार बोटे राखून कापावे आणि वजन करावे. समजा ते 600 ग्रॅम भरले. साधारण 350 किलो वजनाच्या गायीला दिवसाला सुमारे 10 किलो शुष्क चारा (पाण्याचे वजन वगळून) लागतो. त्यातील निम्मा चराईतून द्यायचा तर 25 ते 30 किलो हिरवे गवत हवे. चार गायींना 120 किलो, म्हणजे 200 चौरस मीटर. तुडवून वाया जाणारे धरून 250. तीन दिवसांचा तुकडा 750 चौरस मीटरचा झाला. गवताला 24 दिवस विसावा द्यायचा तर असे नऊ तुकडे लागतील. पाऊस ओसरला की वाढ मंदावते, तेव्हा दिवस न मोजता गवताची उंची पाहावी. कुंपणासाठी सौर विजेची तार सोयीची पडते, पण दोन-तीनच गायी असतील तर लांब दाव्याने बांधूनही हेच काम साधते.

जुलैमधील गवतात पाणीच फार असते. गाय पोटभर चरूनही दूध घटते, म्हणून सोडण्यापूर्वी थोडा पेंढा आणि खनिज मिश्रण द्यावे. पहाटेच्या ओल्या गवतावर जंतांच्या अळ्या वर चढलेल्या असतात, त्यामुळे ऊन थोडे वर आल्यावर गायी सोडणे बरे. पाणी साचणाऱ्या सखल जागेच्या कडेला किंवा शेताच्या दलदलीत चारणे टाळावे. तेथील गोगलगायींमुळे यकृतात पर्णकृमी (पानासारखे चपटे जंत) शिरतात आणि ओलीने खूरही सडतात. घाणेरीची झुडपे मात्र चराई सुरू होण्यापूर्वीच उपटावीत, कारण ती विषारी असतात.

गोचिडांचा प्रश्न वेगळाच आहे. सत्तरी तालुक्यात 2015 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि हा ताप रानातल्या गोचिडांमुळे माणसांना होतो. त्यामुळे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रानात चारणाऱ्याने पाय झाकणारे कपडे घालावेत व घरी येताच अंघोळ करावी. संकरित गायींना गोचीडतापाचा धोका अधिक असतो, त्या मानाने आपली श्वेतकपिला ही गोव्याची देशी गाय काटक आहे.

सड्यावरचे गवत ऑक्टोबरमध्ये फुलोऱ्यावर येताच कापून वाळवावे. दाणा भरल्यानंतर कापले तर त्यात काडीच उरते. मार्चपासून काजूच्या बागेत गायी सोडताना खाली पडलेली बोंडे आधी वेचून घ्यावीत, कारण गाय ती अधाशासारखी खाते, पोटात आंबल्यावर आम्लता वाढते आणि गाय चारा सोडते.