चावी कोणाकडे राहणार?

नोकरीची पहिली अकरा वर्षं माझी पाणीपुरवठ्यात गेली, मग शाळांच्या बांधकामात, आणि शेवटची नऊ वृद्धांच्या निवासगृहांच्या कामात. खाती बदलली, पण बैठकीत मी पहिला विचारायचे तो प्रश्न बदलला नाही: पहाटे तीन वाजता याची चावी कोणाकडे असेल?

ही सवय पाणीपुरवठ्यातली. तिथे चावी म्हणजे जमिनीतला व्हॉल्व्ह फिरवायची लांब दांडीची लोखंडी चावी, आणि ती फिरवणारा तो चावीवाला. कोणता व्हॉल्व्ह साडेचार आटे फिरवला की पुरे आणि कोणत्याला हातच लावायचा नाही, हे त्याला पाठ असतं. नकाशात यातलं काही नसतं. माझ्या पहिल्या साहेबांनी मला कार्यालयात बसवायच्या आधी तीन आठवडे एका चावीवाल्यामागे फिरायला लावलं. तेव्हा राग आला होता.

एखादी शाळा, पाण्याची योजना किंवा निवासगृह उभं करून चालवायची जबाबदारी जर तुमच्यावर पहिल्यांदाच आली असेल, तर क्रम उलटा धरा. आधी चालवणं ठरवा, बांधणं त्यानंतर.

आधी एक दिवस कागदावर चालवून पाहा

आर्किटेक्टला बोलावण्यापूर्वी त्या सेवेचा एक दिवस, म्हणजे पूर्ण चोवीस तास, दोन पानांत लिहून काढा. दार कोण उघडतं, पहिलं माणूस किती वाजता येतं, ओल्या चादरी कुठून कुठे जातात, लादी पुसायची बादली कुठे भरतात आणि कुठे ओततात, शेवटचा दिवा कोण मालवतं. मोघम वाक्यं नकोत. ‘स्वच्छता केली जाईल’ असं लिहिलं की समजायचं, माणूस ठरलेलं नाही.

एका निवासगृहासाठी हे करताना रात्री दोनच्या ओळीवर आम्ही अडलो. वीस वृद्ध, दोन मजले, रात्रपाळीला एक मदतनीस. खालच्या मजल्यावर ती कुणाची तरी कूस बदलत असताना वरची घंटा वाजली, तर? हातातलं माणूस अर्ध्यात सोडायचं की वरच्याला थांबवायचं? उत्तर नकाशात सापडलं: रात्री मदत लागणारे सगळे एकाच मजल्यावर, मदतनिसाची बसायची जागा त्यांच्या मधोमध. जास्तीचा खर्च काहीच नाही. हेच जिने आणि भिंती उभ्या राहिल्यावर लक्षात आलं असतं, तर रात्रपाळीला आणखी एक पगार कायमचा मागे लागला असता.

ही पानं प्रमुखांना नंतर दाखवा. आधी सफाई कामगार, शिपाई, स्वयंपाकी, रात्रपाळीची मदतनीस. त्यांनी अर्धं खोडलं तर काम बरोबर चाललंय. कुणी काहीच खोडलं नाही, तर बहुधा साहेब खोलीत बसलेले असतात. त्यांना चहाला पाठवा.

मोजणी: चार गणितं, सगळी सोपी

शाळेचा पट. पाच वर्षांनी पहिलीत येणारी मुलं आज जन्मलेली आहेत, त्यामुळे जन्मनोंदी हातात असतील तर अंदाज ठोकायची गरज नाही. पुढच्या इयत्तांसाठी मागच्या तीन-चार वर्षांचे पट घ्या आणि शंभरातली किती मुलं वरच्या वर्गात पोचतात ते प्रत्येक इयत्तेचं वेगळं काढा. गळती कुठल्या इयत्तेला होते तेही त्यातच दिसतं. नवी घरं मोठ्या संख्येने उभी राहिली की पटाला फुगवटा येतो, पण तो इयत्तांबरोबर पुढे सरकत दहा-बारा वर्षांत निघून जातो. फुगवट्यासाठी कायमच्या खोल्या बांधू नका. जिथे नंतर वाचनालय किंवा पाळणाघर चालू शकेल अशा जागेत तात्पुरते वर्ग भरवा.

निवासगृहाची प्रतीक्षायादी. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम इथे कामी येतो: आत असलेली माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले मुक्काम. जागा ४०, सरासरी मुक्काम २ वर्षांचा, तर वर्षाला २० जागा रिकाम्या होणार. यादीत ६० नावं असतील तर शेवटच्याला तीन वर्षं थांबावं लागेल. एका समितीने माझ्यासमोर अशाच यादीतल्या लोकांना ‘सहा महिन्यांत’ असं सांगितलं होतं. कुणी गुणाकारच केला नव्हता.

खिडकीवरची रांग. कर्मचारी शंभर टक्के वेळ कामात असावा, असं हिशेब तपासणाऱ्यांना वाटतं. पण लोक घड्याळ लावून येत नाहीत. एकच खिडकी, येणं अनियमित, प्रत्येकाच्या कामाला लागणारा वेळही कमी-जास्त, असं धरलं तर खिडकी ८० टक्के वेळ व्यग्र असताना सरासरी ४ माणसं तिथे असतात. ९० टक्क्यांना ९ होतात, ९५ टक्क्यांना १९. शेवटच्या पाच टक्क्यांनी रांग दुप्पट केली. मोकळा बसलेला कर्मचारी दिसला की लगेच त्याची बदली करू नका. त्या मोकळेपणामुळेच रांग हलत असते.

चौथं गणित शाळेतल्या स्वच्छतागृहांचं. यावर मी सर्वांत जास्त भांडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या शाळांसाठीच्या मार्गदर्शनात २५ मुलींमागे एक शौचकूप सांगितलंय. ३०० मुली, १२ कूपं, कागद खूष. आता सुट्टी १५ मिनिटांची आणि एकीला दोन मिनिटं धरा. सुट्टीत जेमतेम ऐंशी-नव्वद मुली आटोपतात, उरलेल्या अडवून धरतात किंवा सकाळपासून पाणीच पीत नाहीत. आणखी कूपं बांधायला जागा नव्हती, म्हणून आम्ही तीन सुट्ट्या वेगवेगळ्या वेळी केल्या आणि वर्ग चालू असतानाही जायची मोकळीक ठेवली. मुख्याध्यापिकेला शिस्तीची काळजी वाटत होती. मी त्यांना सुट्टीत त्याच रांगेत उभं राहायची विनंती केली. पुढच्या आठवड्यात वेळापत्रक बदललं.

पाणी: दिवसाचं बोलणं रात्री तपासा

पाणी कमी पडतंय म्हणून नवा स्रोत शोधायची घाई सगळ्यांनाच असते. त्याआधी एका विभागाचे बाहेर जाणारे व्हॉल्व्ह बंद करा, आत येणाऱ्या वाहिनीवर मीटर बसवा आणि रात्री दोन ते चारचा प्रवाह पाहा. त्या वेळी बहुतेक नळ बंद असतात. घरोघरी रात्री साठवणीच्या टाक्या भरत असतील तर तेवढं वजा करा. तरीही मीटर जोरात फिरत असेल, तर ते पाणी जमिनीत चाललंय. मग दाब थोडा उतरवून बघा: दाब निम्म्यावर आणला तर गळतीही साधारण निम्मी होते, आणि रस्ता खणावा लागत नाही.

कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह इथे १९९३ मध्ये तयार केलेल्या पाण्यापैकी ७२ टक्के पाण्याचा पैसा मिळत नव्हता. काही जमिनीत मुरायचं, काही चोरीला जायचं. त्या वर्षी एक् सोन चान यांनी पाणीपुरवठ्याची सूत्रं घेतली. ग्राहकांची नोंद नव्याने केली, प्रत्येक जोडणीला मीटर बसवला, जाळ्याचे विभाग पाडले, बड्या थकबाकीदारांनाही सोडलं नाही. पंधराएक वर्षांत तो आकडा ६ टक्क्यांच्या आसपास आला आणि पाणी चोवीस तास मिळू लागलं. २००६ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. यात नवं यंत्र शोधायला जाऊ नका, मला तरी ते दिसत नाही. कोणता नळ कुणाचा, ही यादी खरी होती, एवढं दिसतं.

ठरावीक तासच पाणी सोडत असाल तर एक धोका लक्षात ठेवा. पुरवठा बंद झाल्यावर वाहिनीतला दाब उतरतो आणि ज्या फटींतून पाणी गळतं त्याच फटींतून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. क्लोरीन टाकीपाशी मोजून समाधान मानू नका. वाहिनीच्या शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक दिसलं पाहिजे. नमुना घ्यायला सगळ्यात लांबचा नळ निवडा, सोयीचा नको.

निवासगृह: सेंटिमीटरची भांडणं

इथे मी फार हट्टी झाले, आणि त्याला कारण आहे. आमच्याच एका जुन्या इमारतीत आजोबा न्हाणीघरात पडले, तेही दारालगत. दार आत उघडणारं. बाहेरून ढकलावं तर त्यांच्याच अंगावर. बिजागऱ्या काढेपर्यंत वीस मिनिटं गेली. तेव्हापासून न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, आणि कडी बाहेरून नाण्यानेही फिरेल अशी, यावर मी कुणाचं ऐकलं नाही.

मदतीच्या घंटेची दोरी जमिनीला टेकेल इतकी लांब हवी, कारण पडलेल्या माणसाचा हात तिथेच पोचतो. ही दोरी हमखास वर गुंडाळून बांधलेली सापडते. लादी पुसताना ती आडवी येते, म्हणून. पुसणाऱ्यावर रागावून उपयोग नाही. दोरी कोपऱ्यात घ्या, म्हणजे ती वर बांधायचं कारणच राहणार नाही.

उताराचं गणित नकाशाच्या पहिल्याच दिवशी करा. चाकाच्या खुर्चीसाठी १२ ला १ पेक्षा तीव्र उतार चालत नाही. जोतं ६० सेंटिमीटर उंच असेल तर उताराची लांबी ७.२ मीटर, शिवाय वर-खाली सपाट जागा. ती उरलेल्या जागेत कोंबली की उतार घसरगुंडी होतो. खुर्चीला जागेवर वळायला दीड मीटरचा घेर लागतो. मी जमिनीवर खडूने वर्तुळ आखायचे आणि ठेकेदाराला खुर्चीत बसवून फिरायला लावायचे. दोन मिनिटांत त्याची चिडचिड व्हायची, आणि नकाशाही बदलायचा.

गरम पाण्यात दोन धोके एकमेकांच्या विरुद्ध उभे असतात. लिजिओनेला हा जंतू साधारण २० ते ४५ अंशांत वाढतो, म्हणून साठवणीचं पाणी ६० अंशांवर ठेवायचं. पण ६० अंशांचं पाणी म्हाताऱ्या कातडीला काही सेकंदांत भाजतं. म्हणून साठवण गरमच ठेवा आणि अंघोळीच्या नळाजवळ तापमान उतरवणारा मिश्रण-व्हॉल्व्ह बसवा. रिकाम्या खोल्यांचे नळ आठवड्यातून एकदा तरी काही मिनिटं वाहू द्या, आणि ते कोण करणार त्याचं नाव पहिल्या दोन पानांत चढवा.

खिडकीबद्दल रॉजर उलरिक यांचा १९८४ चा अभ्यास मी प्रत्येक बैठकीत काढायचे. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या; प्रत्येक जोडीतल्या एकाला खाटेवरून झाडं दिसायची, दुसऱ्याला विटांची भिंत. झाडं दिसणारे थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास लहान आहे, त्याच्या भरवशावर अख्खी इमारत उभारू नये. पण खिडकीचा कठडा खाली घ्यायला असा काय मोठा खर्च येतो? नकाशा हातात घेऊन खाटेच्या उंचीवर आडवं व्हा आणि काय दिसतं ते बघा. मला बहुतेक वेळा छताचा पंखा दिसला.

पैसा आणि मुदत

थोडक्यात सांगते. बांधकामाचा पैसा एकदा लागतो. पगार, वीज, दुरुस्ती दरवर्षी. उद्घाटनाची तारीख ठरण्यापूर्वी पहिल्या तीन वर्षांच्या चालवण्याच्या पैशाची लेखी तरतूद मागा, त्यात लिफ्टचा देखभाल-करारही धरा. मुदतीचं म्हणाल तर स्वतःच्या आशावादावर विसंबू नका. काहनमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये ‘नियोजनाचा भ्रम’ मांडला: माणूस आपल्या कामाचा तपशील बघतो आणि तशीच इतर कामं प्रत्यक्षात कशी गेली ते बघत नाही. म्हणून तुमच्यासारखी आठ-दहा पूर्ण झालेली कामं शोधा आणि ती किती लांबली ते विचारा. तुमचं कामही साधारण तितकंच लांबणार असं धरून चाला. ‘आमचं वेगळं आहे’ असं त्या आठ-दहांनीही म्हटलं होतं.

ताबा घेताना

ठेकेदाराचं शेवटचं बिल हाताशी ठेवून या गोष्टी मागा: प्रत्यक्षात जसं बांधलं तसे नकाशे, चर बुजवण्याआधी टेप धरून काढलेले वाहिन्यांचे फोटो, प्रत्येक व्हॉल्व्ह कोणत्या दिशेला आणि किती आटे फिरतो त्याची यादी, वर्षभर पुरतील इतके वॉशर आणि सुटे भाग. प्रशिक्षण दोनदा घ्या, दुसरं सहा महिन्यांनी. पहिल्या तुकडीतले निम्मे तोवर बदलून गेलेले असतात.

आणि वर्षभराने रात्री एकदा, न कळवता, तिथे जा. मी जायचे. आधी न्हाणीघरातली दोरी पाहायची, मग रात्रपाळीच्या मदतनिसाला विचारायचं, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे. शेवटच्या निवासगृहात तिने काही न बोलता गळ्यातला चाव्यांचा जुडगा काढला, त्यातली पिवळा दोरा बांधलेली चावी धरली आणि मला मागच्या दाराकडे घेऊन गेली.