ग्वाल्हेरच्या थंडीत कोरडी त्वचा: आधी पाणी, मग तेल

डिसेंबर लागला की ग्वाल्हेरात सकाळी धुकं उतरतं, दोरीवरचे कपडे लवकर वाळत नाहीत, आणि त्याच हवेत नडगीवर नख ओढलं तर पांढरी रेघ उमटते. हवा एवढी ओली आणि कातडी मात्र कोरडी, हे कसं, असं लोक दुकानात विचारतात. उत्तर तापमानात आहे. ५ अंशांच्या हवेत, ती धुक्याने काठोकाठ भरलेली असली तरी, घनमीटरमागे जेमतेम ७ ग्रॅम वाफ मावते. २० अंशांना १७ ग्रॅम मावते. म्हणजे तीच धुक्याची हवा खोलीत येऊन हीटरने २० अंशांवर गेली की तिची आर्द्रता ४० टक्क्यांपर्यंत उतरते. आपली त्वचा तर त्याहून गरम, ३२-३३ अंशांची. तिच्यातलं पाणी ही हवा दिवसभर ओढत राहते.

मी मूळची रत्नागिरीची, फार्मसी शिकलेली. लग्न होऊन ग्वाल्हेरला आले आणि आता लष्कर भागातलं घरचं औषधांचं दुकान सांभाळते. जुन्या मराठी घरांतल्या आजी थंडीत येतात आणि म्हणतात, "अगं, तेल तर रोज चोळते, तरी रात्री खाज थांबत नाही." त्यांना मी आधी एकच विचारते: तेल कधी लावता? बहुतेकींचं उत्तर असतं, दुपारी उन्हात बसल्यावर. तिथेच गोम आहे. तेलात पाण्याचा थेंब नसतो. ते झाकण आहे, आणि रिकाम्या पातेल्यावर झाकण ठेवून काही शिजत नाही. आधी त्वचेत पाणी हवं, मग त्यावर झाकण. पाणी मिळण्याची दिवसातली एकच मोठी वेळ असते, ती म्हणजे आंघोळीची. म्हणून सगळी काळजी तिथून सुरू करायची.

आंघोळ

गीझरचं कढत पाणी अंगावर घेताना बरं वाटतं, पण तेच नुकसान करतं. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात मेलेल्या पेशी एकमेकींना चिकटून असतात आणि त्यांच्या मधल्या फटी सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं यांनी भरलेल्या असतात. हाच स्निग्ध भराव आतलं पाणी अडवतो. गरम पाणी आणि साबण मिळून तो धुऊन नेतात. म्हणून पाणी कोमट हवं: मनगटाच्या आतल्या बाजूवर ओतलं तर ऊब लागेल, चटका नाही. बादलीभर पाणी, पाच-दहा मिनिटं, पुरे.

साबणाचा आम्ल-अल्कली निर्देशांक, म्हणजे पीएच, साधारण ९ ते १० असतो आणि त्वचेचा ५ च्या आसपास, म्हणून साबण तिला मानवत नाही. हात-पाय-पाठ रोज साबणाने घासण्याइतके थंडीत मळत नाहीत. काखा, जांघा, तळपाय, एवढ्यालाच साबण लावा, बाकी अंगाला नुसतं पाणी. देवपूजेआधी आंघोळ हवी हे मला मान्य आहे, माझ्या सासूबाईही तशाच काटेकोर आहेत. पण त्या आंघोळीत साबण हवाच असं कोणी सांगितलेलं नाही. साठीच्या पुढच्या माणसांची त्वचा मुळातच कमी स्निग्ध असते, त्यांनी हे जास्तच पाळावं. साबण बदलायचाच असेल तर सौम्य, वास नसलेला सिंडेट बार, म्हणजे साबणाशिवायची अंग धुण्याची वडी, मागा. जंतुनाशक साबण या दिवसांत नको. दिवाळीचं उटणं दिवाळीपुरतं ठीक, जानेवारीत बेसनाने रोज अंग घासू नका, पीठ उरलंसुरलं तेलही शोषून घेतं.

ज्यांच्याकडे बोअरचं खारं पाणी येतं त्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. अशा पाण्यात साबणाचा फेस होत नाही, उलट त्याचा चिकट थर अंगावर बसतो आणि त्याने खाज वाढते. साबण कमी वापरणं हाच त्यावर सोपा इलाज आहे.

मग पंच्याने घासून कोरडं व्हायचं नाही, टिपायचं. त्वचा थोडी ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, क्रीम किंवा तेल लागलं पाहिजे. कडाक्याच्या थंडीत माणूस आधी स्वेटरकडे धावतो हे मला ठाऊक आहे, म्हणून बरणी न्हाणीघरातच ठेवा आणि दार उघडण्याआधी लावून घ्या. तिथली हवाही वाफेने दमट झालेली असते. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे आपल्याकडे जानेवारीत बाटली दगड होऊन बसते. आंघोळीला जाताना ती गरम पाण्याच्या मगात उभी करून ठेवा, आपलं आटोपेपर्यंत ते पातळ झालेलं असतं.

काय लावायचं, आणि किती

दुकानात सगळ्यात जास्त वेळ माझा यातच जातो. पंपाच्या बाटलीतलं पातळ लोशन उन्हाळ्याला बरं. त्यात पाणी जास्त, स्निग्धांश कमी. थंडीत घट्ट क्रीम घ्या, आणि फारच कोरडेपणा असेल तर साधी पांढरी पेट्रोलियम जेली. १८७२ मध्ये रॉबर्ट चेसब्रो यांनी पेटंट घेतलेली ही वस्तू पाणी अडवण्यात आजही महागड्या बरण्यांना मागे टाकते. चिकटपणा नको असेल तर रात्री लावा. लेबलवर पाहायचं ते ग्लिसरीन, युरिया, सिरॅमाइड, डायमेथिकोन. पायांची त्वचा माशाच्या खवल्यासारखी झाली असेल तर १० टक्के युरियाचं क्रीम चांगलं काम करतं, मात्र चिरा पडलेल्या जागी ते झोंबतं आणि लहान मुलांना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचं नाही. सुगंध जितका कमी तितकं चांगलं.

महाग घेऊ नका असं मी, विकणारी असून, सांगते, कारण लोक क्रीम फार कमी लावतात. ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेरावर टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत ओळ काढली तर ते साधारण अर्धा ग्रॅम होतं. मोठ्या माणसाच्या एका हाताला, पंजासकट, अशी ४ पेरं लागतात आणि एका पायाला, पावलासकट, ८. दोन्ही हात-पाय मिळून २४ पेरं, म्हणजे १२ ग्रॅम झाले. शंभर ग्रॅमची ट्यूब एका माणसाला आठवडाभरच पुरणार. हजार रुपयांची बाटली घेतली की माणूस ती वाटाण्याएवढी लावतो आणि गुण येत नाही म्हणतो. त्यापेक्षा स्वस्त, मोठी बरणी घ्या आणि हात न आखडता लावा.

ग्लिसरीन आणि गुलाबपाणी हा आजीचा उपाय उत्तम आहे, फक्त नुसतं ग्लिसरीन कोरड्या अंगाला लावू नका. ते पाणी खेचतं, आणि बाहेर कोरडी हवा असेल तर आतूनच खेचतं. एक भाग ग्लिसरीन, दोन भाग गुलाबपाणी, ओल्या त्वचेवर लावायचं आणि वरून थोडं तेल किंवा जेली. त्यात लिंबू पिळायची पद्धत आहे ती मात्र सोडा. लिंबाचा रस लावून गच्चीवर उन्हात बसलं की त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळपट डाग महिनोन्महिने जात नाहीत.

मोहरीचं तेल

इथे मला थोडं अवघड बोलावं लागतं. मुरेना-भिंडचा सगळा पट्टा मोहरीचा, त्यामुळे ग्वाल्हेरात मालिश म्हणजे सरसोंचं तेल, आणि मराठी घरांनीही ते कधीच आपलंसं केलं आहे. निरोगी, जाड त्वचेच्या माणसाला त्याने काही होत नसेल तर त्याने चालू ठेवावं. पण ज्याची त्वचा आधीच कोरडी, लाल किंवा भेगाळलेली आहे त्याला, आणि तान्ह्या बाळाला, ते लावू नका. त्यातला झणझणीतपणा त्वचेची आग करतो, आणि प्रयोगांत या तेलाने बिघडलेला वरचा थर भरून यायला उशीर लागतो असं दिसलं आहे. ऑलिव्ह तेलाचीही तीच गत, त्यातलं ओलेइक आम्ल हा थर सैल करतं. सूर्यफुलाचं तेल उलट त्याला मदत करतं, कारण त्यात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं. खोबरेलही चांगलं. सुनेने बाळासाठी तेल बदलायचं म्हटलं की घरात तोंडं वाकडी होतात. आज्यांनो, मालिश तुमचीच राहू दे, तुमच्या हाताची ऊब बाळाला हवीच आहे, फक्त बाटली बदला.

टाचा, ओठ, हात

टाचांच्या भेगांना माझ्या माहेरचं भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. खोलीत ते मेणासारखं घट्ट असतं, अंड्याच्या आकाराचे गोळे मिळतात. रात्री पाय कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवा, वज्रीने हलक्या हाताने घासा, टिपून घ्या. भिरंडेल पळीत पातळ करून, बोटाला सोसेल इतकं निवलं की भेगेत भरा आणि सुती मोजे घालून झोपा. ग्वाल्हेरात ते सहज मिळत नाही. कोकणातून कोणी येणार असेल तर मागवा, नाहीतर युरियाचं क्रीम आणि वर पेट्रोलियम जेली. मधुमेह असेल तर वज्री नको आणि पाय बुडवणंही नको. संवेदना कमी असल्याने भाजलेलं, कापलेलं कळत नाही. बोटांच्या बेचक्यांत क्रीम लावू नका, तिथे ओल राहून बुरशी होते.

ओठांवरून जीभ फिरवू नका, साधी जेली लावा, मेंथॉल-कापूरवाला बाम नको. थंडीत भरणाऱ्या ग्वाल्हेरच्या मेळ्याला संध्याकाळी जाताना जेलीची डबी खिशात असू द्या. भांडी घासताना हातमोजे, आणि प्रत्येक वेळी हात धुतल्यावर क्रीम.

लोकर थेट अंगाला लागू देऊ नका, आत सुती बंडी हवी. हीटर पायाशी घेऊन तासन्‌तास बसणाऱ्यांच्या नडग्यांवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग उठतात, तेव्हा तो दूर ठेवा. पाणी तहानेनुसार प्या. जास्तीचं पाणी पिऊन त्वचा मऊ होत नाही.

क्रीमने भागत नाही तेव्हा

खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटाशी, बेंबीभोवती बारीक पुरळ आहे आणि घरात आणखी कोणी खाजवतंय, तर तो कोरडेपणा नव्हे, खरूज असण्याची शक्यता जास्त. एका रजईत झोपणाऱ्यांत ती झपाट्याने पसरते आणि उपचार घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यावे लागतात. गोल, कडा उठलेला चट्टा नायट्याचा असू शकतो. अशा वेळी लोक "खाजेची ती पिवळी ट्यूब द्या" म्हणतात. त्यातल्या बऱ्याच मलमांत जोरदार स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, मग नायटा पसरतो, चेहऱ्यावर लावलं तर त्वचा पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात. मी ती चिठ्ठीशिवाय देत नाही, आणि तुम्हीही कोणाकडून घेऊ नका.

पुरळ नसताना सगळ्या अंगाला खाज, पंधरा दिवस नीट क्रीम लावूनही कमी नाही, तर डॉक्टरांकडून थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत आणि रक्तातलं लोह तपासून घ्या. आणि मधुमेह्याच्या टाचेतून रक्त किंवा पू दिसला, पाय सुजला, तर भिरंडेल, जेली सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.