अमेरिकेत रेसिडेन्सी करायची असेल, तर व्हिसाचं गणित इंटर्नशिपमध्येच मांडा

अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे डॉक्टरांचं तिथलं पदव्युत्तर प्रशिक्षण, करू पाहणाऱ्या यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडच्या पोरापोरींचे फोन येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, स्टेप वनला (तिथल्या डॉक्टरी परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याला) कुठलं पुस्तक वाचू? ते तुमचे सीनियर सांगतील. मला व्हिसाबद्दल बोलायचंय, कारण परीक्षा पास होऊन, मॅच होऊनसुद्धा, म्हणजे रेसिडेन्सीची जागा पक्की होऊनसुद्धा, हुशार पोरं तिथं अडकलेली मी पाहिली आहेत.

मॅचचा निकाल मार्चच्या मध्यावर लागतो आणि रेसिडेन्सी साधारण 1 जुलैला सुरू होते. जे-1 व्हिसासाठी, म्हणजे प्रशिक्षणाला येणाऱ्यांच्या व्हिसासाठी, मधल्या काळात दिल्लीहून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं ‘स्टेटमेंट ऑफ नीड’ आणावं लागतं. देशाला या विषयाच्या डॉक्टरांची गरज आहे आणि शिकून तुम्ही परत येणार, असं त्यात लिहिलेलं असतं. ते मिळाल्याशिवाय ईसीएफएमजी (परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची पात्रता तपासणारी तिथली संस्था) जे-1 साठी लागणारा डीएस-2019 फॉर्म देत नाही, आणि तो फॉर्म नसला तर मुंबईच्या व्हिसा मुलाखतीला जाऊन उपयोग नाही. सरकारी कॉलेजचे असाल तर एक वर्षाच्या ग्रामीण सेवेच्या बाँडचा निकाल आधीच लावून ठेवा.

नावाकडे आपल्याकडं कोणी लक्ष देत नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर वेगळी मांडणी. माझ्या एका ज्युनियरच्या पदवीवर माहेरचं आडनाव होतं आणि लग्नानंतर काढलेल्या पासपोर्टवर सासरचं. मॅच झाल्यावर ती विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली नोंद, प्रतिज्ञापत्र यासाठी तालुक्याच्या चकरा मारत होती, इकडे घरी पेरणीची धांदल. तिच्या प्रोग्रामनं, म्हणजे रेसिडेन्सी देणाऱ्या हॉस्पिटलनं, उशिरा रुजू करून घेतलं. सगळे घेत नाहीत. म्हणून ईसीएफएमजीचा अर्ज भरण्याआधीच सगळ्या कागदांवर नाव एक करून घ्या.

एच-1बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा बरा, असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. त्याला स्टेप थ्री आधी पास व्हावी लागते, आणि तो देणारे प्रोग्राम मुळातच कमी. त्यात 21 सप्टेंबर 2025 पासून देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर 1 लाख डॉलर शुल्क लागू झालं. छोटं हॉस्पिटल एका रेसिडेंटसाठी एवढे पैसे कुठून काढणार? जे-1सुद्धा निर्धोक नाही. 2025 च्या मे महिन्यात या व्हिसाच्या नव्या अपॉइंटमेंट अचानक थांबल्या आणि जूनच्या मध्यानंतर सुरू झाल्या. मॅच झालेल्यांचा जीव टांगणीला लागला होता.

जे-1 वर शिकलात की दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागते. ती पुरी किंवा माफ होईपर्यंत एच-1बी नाही, ग्रीन कार्ड नाही. जोडीदारालाही तीच अट. माफीचा नेहमीचा रस्ता म्हणजे कॉनरॅड 30. प्रत्येक राज्य वर्षाला जास्तीत जास्त 30 डॉक्टरांची शिफारस करतं, आणि तुम्ही डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात 3 वर्षं पूर्णवेळ काम करायचं.

मी सध्या अशाच एका भागात आहे. इथले शेतकरी पेशंट दुखणं पार अंगावर काढून मग येतात. इंटर्न असताना झरी जामणीकडच्या ओपीडीत हेच पाहिलं होतं, त्यामुळे त्यांच्याशी बोलायला जड जात नाही. “आपल्या गावाले डॉक्टर नाही अन् तू तिकडं,” असं बाबा अजूनही म्हणतात. त्यांचं चूक नाही. तुमच्या घरचेही म्हणतील, तेव्हा जाण्याआधी त्यांच्याशी नीट बोला. परत येणं म्हणजे अपयश, असं मनात धरू नका. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग जॉन्स हॉपकिन्समधून शिकून आले आणि गडचिरोलीतच काम उभं केलं.

पैशाचं सांगतो. परीक्षा, ऑब्झर्व्हरशिप (तिथल्या हॉस्पिटलात नुसतं पाहून शिकणं), विमान, अर्जांची फी असा खर्च कित्येक लाखांत जातो, तोही नोकरीची खात्री नसताना. त्यासाठी वावर गहाण टाकू नका. व्हिसाची हमी देणाऱ्या एजंटाला एक रुपया देऊ नका, कारण तो निर्णय फक्त वकिलातीतल्या अधिकाऱ्याचा असतो. आणि मॅचचा अर्ज भरला तरी त्या वर्षीचा नीट पीजीचा, म्हणजे इथल्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा, फॉर्म सोडू नका.