ऑर्गनची लाकडी नळी: पांढरी एकची बंद नळी कशी करावी

पाइप ऑर्गनचं काम शिकायचं तर सुरुवात एका नळीपासून करावी, आणि तीही लाकडी, वरून बूच लावलेली. धातूच्या नळीसाठी कथिल-शिशाचा रस ओतून पत्रा पाडावा लागतो. लाकडीला रंधा, पटाशी आणि चांगली धार पुरते. लाकूड दुय्यमही नाही. डेन्मार्कच्या फ्रेडरिक्सबोर्ग किल्ल्यात एसायास कॉम्पेनियुसने १६१० साली बांधलेला ऑर्गन आहे, त्याच्या १,००१ नळ्या साऱ्या लाकडी आहेत.

आपल्या संगीत नाटकातला ऑर्गन पेटीसारखा पात्यांवर वाजतो. इथे पातं नाही. फटीतून निघालेला हवेचा पातळ पडदा ओठाच्या (पुढच्या फळीच्या खालच्या उतरत्या टोकाच्या) कडेवर आत-बाहेर झुलतो आणि नळीतली हवा बोलू लागते. त्यामुळे खोकं कुठलाही बरा सुतार करील, पण नळी बोलते की नाही हे तोंडाच्या, म्हणजे फट आणि ओठ यांमधल्या उघड्या जागेच्या, दहा-अकरा मिलिमीटरांत ठरतं.

मध्य सप्तकातली पांढरी एक धरू, म्हणजे २६१.६ हर्ट्झ. २० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. बंद नळीला पाव तरंगलांबी लागते, ती आली ३२८ मिमी. तोंडाच्या परिणामामुळे प्रत्यक्षात ५०-६० मिमी कमी लागतात, म्हणून बुचाचा तळ ठोकळ्यापासून (नळीचा तळ बंद करणाऱ्या लाकडापासून) २७०-२८० मिमीवर बसेल. तरी ठोकळ्यावर ३५० मिमी लांबी ठेवा. आखूड झालेली नळी वाढवता येत नाही. आतली रुंदी ३० मिमी, खोली ३८ मिमी.

फळ्यांना ८ मिमी जाडीचं, वाळलेलं, सरळ रेषांचं, बिनगाठीचं पाइन किंवा स्प्रूस घ्या. सागवानाचा मोह टाळा, तेलकटपणामुळे सांधा दगा देऊ शकतो. ठोकळा, त्याच्या पुढून बसणारं झाकण आणि ओठाची कड मात्र कठीण लाकडाची हवी. बाजूच्या दोन फळ्या ३८ मिमी रुंद, मागची ४६ मिमी, लांबी ४१० मिमी. पुढची फळी तेवढीच रुंद, पण ती तोंडाच्या वर सुरू होते.

ठोकळा ३० × ३८ × ६० मिमी. तळातून १२ मिमीचं भोक ३५ मिमी वर न्या; माथ्यातून आरपार गेलं तर ठोकळा बाद. मग पुढच्या अंगाला, माथ्याखाली ८ मिमी सोडून, २४ मिमी रुंदीचा खळगा खोदून तो भोकाला जोडा. माथ्याची पुढची कड सरळ आणि धारदार हवी. गुण्या लावून पाहा, उजेड दिसला तर पुन्हा घासा.

आधी ठोकळा, बाजू आणि मागची फळी चिकटवा. आतून पातळ सरसाचा हात द्या. लाकडाची छिद्रं बुजतात आणि हवा मुरत नाही. मग पुढची फळी. तिच्या खालच्या टोकाला मधल्या ३० मिमीत बाहेरून उतार द्या, ओठ १ ते १.५ मिमी जाड राहू द्या. ठोकळ्याच्या माथ्यापासून ओठापर्यंत सुरुवातीला फक्त ७ मिमी ठेवा.

झाकण ४६ × ६० मिमी, चिकटवू नका, चार स्क्रूंनी बसवा, कारण ते अनेकदा काढावं लागेल. त्याच्या आतल्या अंगावर खळग्यापासून वरच्या कडेपर्यंत, ३० मिमी रुंदीत, कानशीने ०.६ मिमी खोल फट घासा आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा. फट झाकणातच घ्यायची, ठोकळ्यात नाही. तशी घेतली तरच हवेचा पडदा ओठाच्या बरोबर खाली येतो.

पायाच्या, म्हणजे ठोकळ्याच्या तळातल्या भोकात बसवायच्या हवेच्या नळकांडीच्या, टोकाचं भोक आधी ४ मिमी ठेवा; लागलं तर ५-६ पर्यंत वाढवता येतं. बूच २६ × ३४ मिमी, त्यावर चारी बाजूंनी २ मिमीचं मऊ कातडं, खरखरीत बाजू बाहेर, वर शंखजिऱ्याची पूड. फार घट्ट बसवलं तर कोकणच्या पावसात लाकूड फुगून सांधा उकलेल.

नळीचं तोंड तळव्याने दाबून पायातून हवा ओढा. जीभ काही क्षण चिकटून राहिली तर नळी घट्ट आहे. लगेच सुटली तर गळती शोधा. गळकी नळी सुरात आणायच्या भानगडीत पडू नका.

वाजवून पाहताना आपल्या तोंडाने फुंकू नये, श्वास ओला आणि गरम असतो. छोट्या पंख्याने हवा द्या आणि यू-आकाराच्या पारदर्शक नळीतल्या पाण्यावर दाब मोजा: दोन बाजूंच्या पातळ्यांत फरक ६५ मिमीच्या आसपास.

मूळ सूर सोडून नळी उडी मारून वरच्या सप्तकातल्या पंचमावर गेली (बंद नळीत विषम स्वरांशच, म्हणजे मूळ कंपनसंख्येच्या विषम पटीच मिळतात, म्हणून थेट तिसरा) तर तोंड लहान आहे किंवा हवा जास्त. आधी हवा कमी करून पाहा. मग ओठ अर्धा-अर्धा मिमी वर कापा, दरवेळी वाजवून. बहुधा ९ ते ११ मिमीवर सूर भरतो. त्यापुढे आवाज जाड आणि मंद होत जातो, आणि कापलेलं परत येत नाही. नुसती फुसफुस आली तर ओठ आत किंवा बाहेर सरकला आहे. झाकण सैल करून तपासा, लगेच कापायला घेऊ नका. सूर लागताना खरखर होत असेल तर ठोकळ्याच्या कडेवर तिकोनी कानशीने बारीक खाचा द्या. पण मोजक्याच, जास्त झाल्या की सुराची सुरुवातच बोथट होते.

सूर मिळवताना खोलीचं तापमान लिहून ठेवा. एका अंशाला सुमारे ३ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) फरक पडतो, म्हणजे २० अंशांवर लावलेली नळी मुंबईच्या ३२ अंशांत साधारण ३५ सेंट चढी वाजेल.

सगळ्या स्वरांच्या नळ्यांची पूर्ण ओळ करायची तर १९व्या शतकातल्या योहान गोट्लोब ट्योप्फरचं प्रमाण वापरा: रुंदी आणि खोली दर १६ अर्धस्वरांना निम्मी. एक सप्तक वरची पांढरी एक मग जवळपास १८ × २२.५ मिमी येते. लांबीसारखी रुंदीही सप्तकाला निम्मी केली तर वरच्या नळ्या चिरक्या वाजतात.