तीर्थंकरांची प्रतिमा कशी ओळखावी: खानदेशातील दर्शनार्थींसाठी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातील एखाद्या जैन मंदिरात प्रथमच गेलेल्या माणसाला गाभाऱ्यातील सर्व प्रतिमा सारख्याच वाटतात, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. चोवीस तीर्थंकर, म्हणजे जैन संघाची स्थापना करणारे धर्मपुरुष, निरनिराळ्या काळी जन्मले, त्यांची आयुष्ये निराळी होती. परंतु केवलज्ञान (संपूर्ण ज्ञान) झाल्यावर त्यांच्या ज्ञानात आणि वीतरागतेत, म्हणजे राग-द्वेषांपासूनच्या मुक्ततेत, उणे-अधिक काही उरले नाही, अशी जैन धर्माची धारणा आहे. त्यामुळे शिल्पकार चेहऱ्यात भेद ठेवतच नाही. अर्धोन्मीलित डोळे, खांद्यापर्यंत आलेले कान आणि स्थिर मुद्रा ही सर्वांची सारखीच असते. प्रतिमा कोणाची हे ठरवायचे असेल, तर नजर चेहऱ्यावर न ठेवता खालून वर न्यावी लागते. ही सवय लागली, की पुढचे बरेचसे काम सोपे होते.

मंदिरात जाण्यापूर्वी चोवीस नावे क्रमाने पाठ असावीत. ‘लोगस्स’ हे स्तवन ज्यांच्या घरात रोज म्हटले जाते, त्यांना ही नावे लहानपणीच येतात. इतरांनी ऋषभनाथांपासून महावीरांपर्यंतचा क्रम वहीत लिहून घ्यावा आणि प्रत्येक नावापुढे त्यांचे लांछन, म्हणजे प्रतिमेवर कोरलेले ओळखचिन्ह, लिहावे. खानदेशातील अनेक जैन कुटुंबे स्थानकवासी परंपरेची आहेत आणि त्यांच्या स्थानकात प्रतिमा नसते, हेही ध्यानात असू द्यावे. तेथे जाऊन ‘मूर्ती कुठे आहे’ असे विचारणे योग्य नाही. मंदिरात जाताना चामड्याचा पट्टा आणि पाकीट बाहेर ठेवावे, छायाचित्र घ्यायचे असल्यास पुजाऱ्यांना किंवा विश्वस्तांना आधी विचारावे, आणि पूजेची वस्त्रे घातल्याशिवाय प्रतिमेला हात लावू नये. श्वेतांबर मंदिरात दिवसा प्रतिमेवर आंगी (सजावटीचे आवरण), मुकुट आणि फुले असल्याने पीठ, म्हणजे प्रतिमेची बैठक, अर्धे झाकलेले असते. म्हणून शक्य तर सकाळी प्रक्षाळाच्या, म्हणजे प्रतिमेला स्नान घालण्याच्या, वेळी जावे. पाणी अंगावरून उतरल्यावर ओल्या दगडावरची बारीक रेषसुद्धा उठून दिसते, आणि एरवी नजरेतून सुटणारे लांछन त्या दोन-चार मिनिटांत स्पष्ट वाचता येते.

लांछन पीठाच्या दर्शनी बाजूस, बरोबर मध्यभागी, एकटेच कोरलेले असते. वृषभ असेल तर ऋषभनाथ, हत्ती असेल तर अजितनाथ, घोडा असेल तर संभवनाथ, वानर असेल तर अभिनंदननाथ, असा हा क्रम चालतो. पुढे पद्मप्रभूंचे कमळ, सुपार्श्वनाथांचे स्वस्तिक, चंद्रप्रभूंची चंद्रकोर, पुष्पदंतांचा मगर, श्रेयांसनाथांचा गेंडा, वासुपूज्यांचा रेडा, विमलनाथांचा वराह, धर्मनाथांचे वज्र, शांतिनाथांचे हरिण, कुंथुनाथांचा बोकड, मल्लिनाथांचा कलश, मुनिसुव्रतांचे कासव, नमिनाथांचे नीलकमळ, नेमिनाथांचा शंख, पार्श्वनाथांचा सर्प आणि महावीरांचा सिंह. साक्री तालुक्यातील बळसाणे येथे विमलनाथांचे तीर्थ आहे; धुळ्याकडच्या वाचकाने वराहाचे लांछन तेथून शिकायला सुरुवात करावी.

वरच्या यादीत चार नावे मुद्दाम वगळली आहेत, कारण त्यांच्याबाबत श्वेतांबर आणि दिगंबर या दोन जैन परंपरांत भेद आहे. शीतलनाथांचे लांछन श्वेतांबर परंपरेत श्रीवत्स (एक शुभचिन्ह) आहे, तर दिगंबर परंपरेत कल्पवृक्ष. अनंतनाथांचे श्वेतांबरांत श्येन (ससाणा) पक्षी आणि दिगंबरांत साळिंदर, तर अरनाथांचे श्वेतांबरांत नंद्यावर्त (स्वस्तिकासारखी वळणदार आकृती) आणि दिगंबरांत मासा. सुमतिनाथांच्या पक्ष्यालाही कोणी क्रौंच म्हणतात, कोणी चकवा. म्हणजेच मंदिर कोणत्या परंपरेचे आहे हे आधी समजले नाही, तर बरोबर पाहिलेल्या खुणेवरूनही नाव चुकते. मल्लिनाथांबाबतचा भेद तर याहून मोठा आहे: श्वेतांबर त्यांना स्त्री-तीर्थंकर मानतात, दिगंबर मानत नाहीत.

नवख्या माणसाची सर्वांत अधिक फसगत सिंहामुळे होते. तीर्थंकरांचे आसन हे सिंहासन असल्यामुळे पीठाच्या दोन्ही टोकांना सिंह कोरण्याची पद्धत आहे, आणि ते पाहून प्रत्येक प्रतिमेला महावीर म्हणून टाकले जाते. टोकांचे सिंह आसनाचे असतात. महावीरांचा सिंह मध्यभागी असतो. हरिणांचेही असेच होते. परिकरासह (भोवतालच्या कोरीव चौकटीसह) घडवलेल्या अनेक प्रतिमांच्या पीठावर मधोमध धर्मचक्र आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक हरिण असते. ती जोडी शांतिनाथांची खूण नव्हे. प्रतिमेसमोरच्या पाटावर भाविकांनी तांदळाचे स्वस्तिक, त्यावर तीन ढिगल्या आणि वर चंद्रकोर काढलेली असते, ती तर पूजेचा भाग आहे. ती जीवाच्या चार गती, रत्नत्रय (सम्यक दर्शन, ज्ञान आणि चारित्र्य) आणि सिद्धशिला (मुक्त जीवांचे स्थान) दर्शवते. तिच्यावरून सुपार्श्वनाथ किंवा चंद्रप्रभू ठरवू नयेत. जे दगडात वा धातूत कोरलेले आहे आणि जोडीने नव्हे तर एकटे आहे, तेच लांछन मानावे.

पीठावरून उलगडा झाला नाही, तर मग मस्तक आणि खांदे पाहावेत. खांद्यांवर केसांच्या बटा रुळत असतील, तर ते ऋषभनाथ. दीक्षेच्या वेळी त्यांनी काही केस राखले, अशी कथा त्यामागे आहे. मस्तकावर सात फणांचा नाग असेल तर पार्श्वनाथ, पाच फणा असतील तर बहुधा सुपार्श्वनाथ. फणा मोजताना घाई करू नये, कारण पार्श्वनाथांच्या नऊ, अकरा आणि सहस्र फणांच्याही प्रतिमा आहेत, आणि जुन्या दगडात कडेची एखादी फणा तुटलेली असते. ही दोन लक्षणे लांछनांपेक्षा जुनी आहेत. मथुरेच्या कुषाणकालीन प्रतिमांवर लांछने नाहीत. तेथे ऋषभनाथ केसांवरून आणि पार्श्वनाथ फणांवरूनच ओळखता येतात. म्हणून लेण्यांत गेल्यावर पीठ कोरे दिसले तर निराश होऊ नये.

त्यानंतर आजूबाजूच्या आकृतींकडे वळावे. प्रत्येक तीर्थंकरासोबत यक्ष आणि यक्षी या सेवक देवता असतात. गरुडावर बसलेली चक्रधारी चक्रेश्वरी ऋषभनाथांची, सिंहावर बसलेली, आंब्याची डहाळी आणि मूल घेतलेली अंबिका नेमिनाथांची, धरणेंद्र आणि पद्मावती पार्श्वनाथांचे, मातंग आणि सिद्धायिका महावीरांचे, इतके प्रारंभी पुरेसे आहे. तथापि अंबिकेच्या बाबतीत सावध असावे, कारण पश्चिम भारतातील बऱ्याच जुन्या प्रतिमांत ती नेमिनाथांखेरीज इतरांसोबतही दिसते. उलट तीन छत्रे, भामंडल (मस्तकामागचे तेजोवलय), चामरधारी, अशोक वृक्ष ही अष्टप्रातिहार्यांतील, म्हणजे आठ दिव्य वैभवचिन्हांतील, चिन्हे सर्व तीर्थंकरांना समान असल्याने त्यांवरून ही तीर्थंकराची प्रतिमा आहे एवढे कळते, नाव कळत नाही. दगडाच्या रंगावर तर विसंबूच नये. ग्रंथांत पद्मप्रभू आणि वासुपूज्य रक्तवर्ण, चंद्रप्रभू आणि पुष्पदंत श्वेतवर्ण, मुनिसुव्रत आणि नेमिनाथ श्यामवर्ण सांगितले आहेत. पण प्रतिमा घडवताना मिळेल तो पाषाण वापरला गेला आहे.

धातूच्या लहान प्रतिमा ओळखण्याचा मार्ग निराळा आहे. त्यांच्या मागच्या बाजूस बहुधा लेख असतो. पुजाऱ्यांनी प्रतिमा फिरवून दाखवली, तर लेखात ‘बिंबं’ हा शब्द शोधावा, कारण तीर्थंकरांचे नाव सहसा त्याच्या लगेच आधी येते. पुढे ‘कारितं’ आणि ‘प्रतिष्ठितं’ यांच्या आसपास घडवून घेणाऱ्याचे आणि आचार्यांचे नाव मिळते. ‘मूलसंघ’, ‘सरस्वतीगच्छ’, ‘बलात्कारगण’ असे शब्द आले तर प्रतिमा दिगंबर भट्टारक (मठाधिपती) परंपरेची, ‘तपागच्छ’ किंवा ‘खरतरगच्छ’ आले तर श्वेतांबर. नुसते ‘संवत्’ असेल तर तो बहुधा विक्रम संवत असतो. त्यातून सत्तावन्न वजा केले की इसवी सन साधारणपणे मिळतो. वीर निर्वाण संवतातून ५२७ वजा करावेत, शके असेल तर ७८ मिळवावेत. देशभरातील दिगंबर मंदिरांत संवत् १५४८, वैशाख सुदि ३ असा लेख असलेल्या संगमरवरी प्रतिमा वारंवार आढळतात. त्या जीवराज पापडीवाल यांनी भट्टारक जिनचंद्र यांच्या हस्ते प्रतिष्ठित करवून घेतलेल्या, म्हणजे इसवी सनाच्या पंधराव्या शतकाच्या अखेरच्या. ती तिथी म्हणजे अक्षय्य तृतीया, आपल्याकडची आखाजी. ऋषभनाथांनी दीर्घ उपवासानंतर हस्तिनापुरात श्रेयांसकुमाराच्या हातून उसाचा रस घेतला तो हाच दिवस, आणि वर्षीतपाचे, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या एकाआड एक दिवसाच्या उपवासाचे, पारणे आजही त्या दिवशी उसाच्या रसानेच होते. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असताना आणि झाडाला झोके बांधलेले असताना गावातल्या जैन घरांत हे पारणे चाललेले असते, ही गोष्ट खानदेशातील प्रत्येकाला माहीत असावी असे मला मनापासून वाटते.

आता, तीर्थंकर नसलेल्या प्रतिमा. उभ्या प्रतिमेच्या पायांवर आणि हातांवर वेली चढलेल्या असतील, तर ते बाहुबली. ते ऋषभनाथांचे पुत्र आणि केवली (केवलज्ञान झालेले) आहेत, पण चोविसांत त्यांची गणना नाही. तीर्थंकर आणि केवली यांतला फरक असा, की केवलज्ञान दोघांचेही सारखेच, परंतु साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका या चतुर्विध संघाची स्थापना तीर्थंकर करतात. पिच्छी (मोरपिसांची कुंचली) आणि कमंडलू दिसले तर ती दिगंबर मुनींची प्रतिमा. धातूच्या पत्र्यात मानवी आकृती पोकळ कापलेली असेल, तर ती सिद्ध परमेष्ठींची, म्हणजे देहमुक्त झालेल्या आत्म्यांची.

बुद्धमूर्तीशी होणारी गल्लत मात्र खानदेशात अधिक संभवते, कारण जळगावहून माणूस अजिंठ्याला जातो आणि चाळीसगावहून पितळखोऱ्याला. पाटणादेवीच्या परिसरातील नागार्जुन कोठडी जैन आहे आणि त्याच डोंगररांगेतले पितळखोरे बौद्ध, त्यामुळे एकाच दिवशी दोन्ही पाहणाऱ्याने पुढील खुणा लक्षात ठेवाव्यात. बुद्धांच्या अंगावर चीवर असते आणि हात भूमिस्पर्श, धर्मचक्रप्रवर्तन, अभय अशा निरनिराळ्या मुद्रांत असतात. तीर्थंकर केवळ दोनच स्थितींत असतात: पद्मासनात मांडीवर तळहात ठेवून ध्यानस्थ, किंवा कायोत्सर्गात हात शरीरापासून किंचित सुटे ठेवून सरळ उभे. पुष्कळ प्रतिमांच्या छातीवर श्रीवत्साचे चिन्हही असते. साक्री तालुक्यातील भामेरच्या जैन लेण्यांतही याच खुणा शोधाव्यात.

कायोत्सर्ग कसा असतो हे एकदा भव्य प्रमाणात पाहायचे असेल, तर खानदेशाच्या दोन्ही सीमांवर तशी सोय आहे. साक्री-पिंपळनेरच्या पलीकडे बागलाणातील मांगीतुंगी येथे अखंड पाषाणातील १०८ फुटी ऋषभनाथ असून त्यांची प्रतिष्ठा २०१६ मध्ये झाली; सातपुड्यात बडवानीजवळ बावनगजा येथे डोंगरात कोरलेले ८४ फुटी आदिनाथ आहेत. आदिनाथ हे ऋषभनाथांचेच नाव आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला निघताना मात्र गाडीचे तिकीट नीट पाहावे: त्यांचे तीर्थ असलेले शिरपूर वाशीम जिल्ह्यातले आहे, धुळे जिल्ह्यातले नव्हे.

शेत नांगरताना किंवा विहीर खणताना प्रतिमा निघाली, तर ती घासू नये, तिला तेल-शेंदूर लावू नये आणि पीठाला चिकटलेली माती टोकदार वस्तूने खरवडू नये, कारण झिजलेले लांछन त्याच थराखाली असते आणि एकदा गेले की परत मिळत नाही. ओळखीसाठी पुढून, मागून आणि पीठाच्या जवळून अशी तीन छायाचित्रे घ्यावीत, जागा लिहून ठेवावी आणि तलाठ्यांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. इतके करूनही नाव ठरले नाही, तर अंदाजाने ‘महावीर’ किंवा ‘पार्श्वनाथ’ लिहू नये. नोंदीत ‘तीर्थंकर, पद्मासन, लांछन झिजलेले’ असे लिहावे, म्हणजे पुढच्या जाणकाराला नव्याने पाहता येईल.